कामावर अपघात झाला तर भरपाई कशी मिळवायची: पहिल्या दिवसापासून पैसे खात्यात येईपर्यंत

प्रेसखाली बोटं गेली की कारखान्यात पहिला प्रश्न येतो, "लक्ष कुठं होतं तुझं?" कामगार मान खाली घालतो. घरच्यांनाही वाटतं, चूक आपल्याच माणसाची, मग मागायचं कोणत्या तोंडानं? पण भरपाईच्या कायद्याला या प्रश्नाशी फारसं देणंघेणंच नाही. १९२३ पासून चालत आलेला कामगार भरपाईचा कायदा (२००९ च्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव 'कर्मचारी भरपाई अधिनियम' झालं) मुख्यतः तीन गोष्टी विचारतो. तुम्ही तिथं कामाला होता का? इजा कामामुळं आणि काम चालू असताना झाली का? आणि पगार किती होता? डुलकी लागली, हात चुकला, घाई झाली, यानं हक्क जात नाही.

खटले हरतात ते पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नावर. "हा माणूस आमचा नाहीच" आणि "पगार एवढा नव्हताच" हे दोन बचाव भोसरी-चाकणपासून वाळूज, अंबड, शिरोलीपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतात. म्हणून या लेखात जास्त जागा कागदांना दिली आहे, कायद्याच्या कलमांना कमी.

पहिले दोन दिवस

जखमीला बहुतेक वेळा सुपरवायझरच दवाखान्यात नेतो. वाटेत गाडीतच तो समजावतो: "जिन्यावरून पडलो म्हणून सांग, उगाच पोलिसांचं लफडं नको. शेठ सगळा खर्च करणारेत." खर्च कदाचित करतीलही. पण केसपेपरवर दुखापत कशी झाली याची जी एक ओळ डॉक्टर किंवा नर्स लिहून घेतात, ती पुढं दोन-तीन वर्षांनी कोर्टात मोठ्यानं वाचली जाते. तिथं 'घरी पडून' असं असेल तर तुमचा वकील उरलेला सगळा वेळ ती ओळ पुसण्यात घालवणार. तेव्हा सांगायचं ते सरळ: अमुक कंपनीत, अमुक मशिनवर काम करत असताना, अमुक वाजता हात सापडला. जखमी शुद्धीवर नसेल तर बरोबरच्या नातेवाइकानं हे सांगावं आणि काय लिहिलं ते वाचून बघावं. कामावरच्या अपघाताची नोंद एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) म्हणून करायला सांगावी. त्यातून पोलिसांकडं आपोआप खबर जाते आणि तारीख-वेळ पक्की होते.

पोलिस जबाब घ्यायला येतील. जबाब मराठीत असतो, वाचून सही करा. 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' हे वाक्य त्यात सर्रास घातलं जातं. त्यानं भरपाईचा हक्क बुडत नाही, पण ते वाक्य तुम्ही म्हणाला नसाल तर कशाला ठेवायचं? अपघात कसा झाला, मशिन कोणतं, कंपनीचं नाव काय, ठेकेदार कोण, एवढं त्यात आलंच पाहिजे.

याच दोन दिवसांत शेजारच्या मशिनवरच्या दोघातिघांची नावं आणि मोबाइल नंबर लिहून ठेवा. महिन्याभरानं त्यातले काही फोन उचलणार नाहीत. त्यांचीही नोकरी आहे, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. मात्र त्या दिवशी ग्रुपवर पडलेला 'प्रेस नं. ४ बंद आहे, ऑपरेटरला लागलंय' असा एखादा मेसेज किंवा मशिनचा फोटो कोणाकडून तरी लगेच मागवून घ्या. मशिनवर सेन्सर होता का, तो चालू होता का, दोन्ही हातांची बटणं काढून पायाचं पेडल बसवलं होतं का, हेही आठवतंय तोवर लिहून काढा.

आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. हॉस्पिटलच्या खाटेवर तर नाहीच.

तुम्ही तिथं कामाला होता, हे दाखवणारे कागद

नेमणुकीचं पत्र लहान वर्कशॉपमध्ये कोणाला मिळतं? बहुतेकांकडं नसतंच. म्हणून पुरावा तुकड्या-तुकड्यांनी गोळा करायचा.

बँकेचं स्टेटमेंट सगळ्यात भारी. पगार खात्यात येत असेल तर किमान वर्षभराचं स्टेटमेंट काढा. रोख मिळत असेल तर ठेकेदारानं मध्येच कधी यूपीआयनं उचल पाठवली असेल ती शोधा. पाचशे रुपयांची एक नोंदसुद्धा 'मी या माणसाला ओळखतच नाही' हा बचाव पाडते. पीएफचा यूएएन नंबर असेल तर पासबुक ऑनलाइन निघतं आणि त्यात मालकाचं नाव असतं. गेटपास, ओळखपत्र, युनिफॉर्मवरचा लोगो, हजेरीच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट, ओव्हरटाइमची चिठ्ठी, सुपरवायझरनं 'उद्या सेकंड शिफ्टला ये' म्हणून पाठवलेला व्हॉइस मेसेज, दिवाळीला सगळ्यांनी गेटवर काढलेला फोटो, जे असेल ते जपा. स्क्रीनशॉट काढलात तरी मूळ मेसेज फोनमधून उडवू नका. फोन बदलायची वेळ आली तरी जुना फोन विकू नका.

कामगार ठेकेदाराचा असेल तर मोठी कंपनी हात झटकते. कायदा तिला झटकू देत नाही. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचं काम तिच्या आवारात ठेकेदारामार्फत चाललं असेल, तर भरपाई थेट मूळ कंपनीकडून मागता येते. कंपनीनं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला मामला. म्हणून अर्जात ठेकेदार आणि मूळ कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, आणि विमा कंपनीचं नाव माहीत असेल तर तिलाही. ठेकेदार गाळा बंद करून गेलेला आणि कंपनी दाव्यात नाही, अशी वेळ आली तर हुकूमनामा हातात असूनही पैसे कुठून आणणार?

कारखान्यातला गंभीर अपघात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं कारखान्यावर बंधनकारक आहे. लोक त्याला 'डिश' म्हणतात, जुनी माणसं अजून 'फॅक्टरी इन्स्पेक्टर' म्हणतात. अपघात कळवला गेलाच नसेल तर तुम्हीच लेखी तक्रार द्या. चौकशी झाली असेल तर तिचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. त्या अहवालात अपघातग्रस्ताचं नाव आणि मशिनची अवस्था सरकारी अधिकाऱ्याच्या सहीनं आलेली असेल, तर अर्धी लढाई तिथंच संपते.

आधी हे बघा: ईएसआय आहे की नाही

या फाट्यावर चुकीचा रस्ता धरला तर वर्ष-दीड वर्ष वाया जातं. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील, तर बहुतेक औद्योगिक भागांत ईएसआय (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची योजना) लागू असतो. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के घालतो. ईएसआय लागू असेल तर भरपाई महामंडळाकडून घ्यायची. मग मालकाविरुद्ध भरपाईच्या कायद्याखाली वेगळा दावा चालत नाही.

कामावरच्या इजेला ईएसआयमध्ये किती महिने हप्ते भरले असा हिशेब नसतो. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. बरं होईपर्यंत सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्के ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते. नोकरी सुटली, दुसरीकडं लागली, तरी ती चालू राहते. १८,००० पगार म्हणजे ढोबळमानानं रोजचे ६०० धरले, तर ९० टक्क्यांनी ५४०, आणि कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं ठरलं तर रोजचे १६२, महिन्याला जवळपास ४,८६०. तिशीतल्या माणसाला ही रक्कम पुढं चाळीस वर्षं येऊ शकते. एकरकमी पैशाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं, पण माझ्या मते धडधाकट वयातल्या कामगाराला ईएसआयचा सौदा बरा पडतो.

इथली नेहमीची गोम अशी की कामगाराचं नाव ईएसआयमध्ये अपघातानंतर घातलं जातं. ई-पेहचान कार्डवर नोंदणीची तारीख असते. ती अपघाताच्या तारखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची दिसली की समजायचं. घाबरू नका. मालकानं नाव घातलं नव्हतं म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. महामंडळानं लाभ द्यायचा आणि तो खर्च कसुरदार मालकाकडून वसूल करायचा, अशी कायद्यातच सोय आहे. मात्र खरी रुजू तारीख तुम्हाला दाखवावी लागते, आणि तिथं वर सांगितलेलं बँक स्टेटमेंट कामाला येतं. अपघाताचा अहवाल मालकानं फॉर्म १२ मध्ये द्यायचा असतो. तो दिला का, आणि त्यात काय लिहिलं, हे शाखा कार्यालयात जाऊन विचारा. पिंपरी-चिंचवडकरांना मोहननगरचं ईएसआय हॉस्पिटल माहीत असतं, पण पैशांचा निर्णय हॉस्पिटलात होत नाही, शाखा कार्यालयात होतो. हेलपाटे तिथं घालायचे.

ईएसआय नसेल तर: रक्कम कशी निघते

१९२३ च्या कायद्यातला हिशेब घरी वहीवर करता येतो. तो करूनच वकिलाकडं किंवा मालकाकडं जा.

कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. मृत्यू असेल तर ५० टक्के गुणिले तोच गुणक. काही अवयव गेला असेल तर पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचे ठरलेले टक्के. हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे, त्याआधी ती ८,००० होती. वयाचा गुणक कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आहे: २० व्या वर्षी २२४.००, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९, साठाव्या वर्षी ११७.४१. वय म्हणजे शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं.

आता उदाहरण. तीस वर्षांचा प्रेस ऑपरेटर, पगार १८,०००, उजव्या हाताची तीन बोटं गेली. पगार १५,००० धरला जाणार. त्याचे ६० टक्के ९,०००. गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२०. एका हाताची तीन बोटं जाण्याला कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ३० टक्के आहेत, म्हणून ५,६१,५४६ रुपये.

मालकानं मस्टरवर पगार १०,००० दाखवला आणि तुम्हाला खरा पगार सिद्ध करता आला नाही, तर हाच आकडा ३,७४,३६४ वर येतो. एका खोट्या नोंदीची किंमत १,८७,१८२ रुपये. म्हणून पगाराचा पुरावा हा दुय्यम मुद्दा मानू नका. काहीच हाती लागलं नाही तर त्या उद्योगाचं अपघाताच्या तारखेचं किमान वेतन पुढं करा. कंपनीकडून राहायची खोली किंवा जेवण मिळत असेल तर त्याचं मोलही वेतनात धरता येतं. प्रवासभत्ता आणि मालकाचा पीएफचा हिस्सा मात्र धरत नाहीत.

आणखी काही टक्के: अंगठा ३०, एका हाताची चारही बोटं ५०, दोन बोटं २०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, करंगळी किंवा अनामिका ७, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. अवयव तुटला नाही पण कायमचा निकामी झाला, तरी तो गेल्यासारखाच धरतात. दोन इजा असतील तर टक्के एकत्र करतात, शंभराच्या पुढं मात्र नाही.

हाड जुळेपर्यंत तात्पुरतं बसावं लागलं, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार, जास्तीत जास्त पाच वर्षं. पहिले तीन दिवस धरत नाहीत, पण अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त चाललं तर पहिल्या दिवसापासून हिशेब होतो. उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च यापेक्षा वेगळा मिळतो, तेव्हा औषधाच्या दुकानाचं प्रत्येक बिल कामगाराच्या नावानं घ्या. नुसत्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा कोणी मानत नाही.

टक्केवारीचा वाद

परिशिष्टात नसलेली इजा, म्हणजे मणका दबला, खांदा वर जात नाही, कमरेत प्लेट बसली, अशा वेळी डॉक्टरनं कमाईच्या क्षमतेत किती घट झाली ते सांगायचं असतं. बरेच जण जिल्हा रुग्णालयाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणून मोकळे होतात. त्यावरचे टक्के शरीराचे असतात. कोर्टाला हवं असतं ते हे की हा माणूस करत होता ते काम आता करू शकतो का. वेल्डरचा खांदा २५ टक्के निकामी झाला तरी तो डोक्याच्या वर वेल्डिंग करू शकत नाही, मग त्याची कमाई पाव भागच घटली असं कसं म्हणणार?

सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव खटल्यात हेच धरलं. त्यातल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालक म्हणत होता, परिशिष्टाप्रमाणे टक्के द्या. न्यायालयानं म्हटलं, सुतारकाम एका हातानं होत नाही, त्यामुळं या माणसाचं अपंगत्व पूर्णच. हा निकाल आजही रोज वापरला जातो. तेव्हा डॉक्टरकडून लेखी घेताना तुमचं काम काय होतं, त्यात कोणत्या हालचाली लागतात हे त्यांना नीट सांगा, आणि तसं प्रमाणपत्रात यावं असा आग्रह धरा. शक्यतो असे डॉक्टर गाठा जे साक्षीला येतील. प्रमाणपत्र देऊन कोर्टात न येणारे डॉक्टर विमा कंपनीच्या वकिलाला फार आवडतात.

मालकानं स्वतःच्या खर्चानं वैद्यकीय तपासणी करून देतो म्हटलं, तर जायला हवं. कारण नसताना नकार दिला तर तेवढ्या काळापुरता हक्क थांबतो. तपासणीला घरचं माणूस बरोबर न्या, कागदाची प्रत मागा.

नोटीस, मुदत, अर्ज

मालकाला लेखी नोटीस द्या. साधी एका पानाची: नाव, काम, अपघाताची तारीख-वेळ-जागा, इजा काय, पगार किती, भरपाई द्यावी. पोस्टानं पाठवा. रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. स्पीड पोस्टची पावती आणि ऑनलाइन पोच दोन्ही छापून ठेवा. नोटीस घेतली नाही, पाकीट परत आलं, तर ते न फोडता ठेवायचं. नोटीस द्यायची राहिली तरी दावा मरत नाही, कारण अपघात मालकाला माहीत होता एवढं पुरतं.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून दोन वर्षं. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होतो, पण 'शेठ आज देतो, उद्या देतो म्हणत होते' हे कारण पुरेसं ठरेलच या भरवशावर राहू नका.

कायदा कोणता? २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चार श्रम संहिता लागू केल्या. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये भरपाईचं एक पूर्ण प्रकरण आहे आणि त्यात १९२३ चा कायदा सामावला गेला. त्याआधीच्या अपघाताला जुना कायदा, नंतरच्याला संहिता, अशी अपघाताच्या तारखेवरून विभागणी करा. ५० आणि ६० टक्क्यांचं सूत्र आणि वयाचा गुणक संहितेतही आहे. जुन्या कायद्यातल्या 'आयुक्ता'ला (भरपाईचा दावा चालवून निकाल देणारा अधिकारी) तिथं 'सक्षम प्राधिकारी' म्हटलं आहे. नमुने आणि नियम बदलाच्या काळात आहेत, म्हणून अर्ज टाइप करण्याआधी कामगार न्यायालयाच्या फायलिंगच्या खिडकीवर चालू नमुना मागून घ्या.

अर्ज कुठं करायचा याचं एक सोयीचं उत्तर फार कमी लोकांना माहीत असतं. अपघात झाला तिथं तर करता येतोच, पण अर्जदार नेहमी राहतो त्या ठिकाणीही करता येतो. लातूरचा पोरगा चाकणला जखमी झाला आणि गावी परतला, तर दर तारखेला पुण्याला यायची गरज नाही. फक्त साक्षीदार आणि कागद सगळे पुण्यात असतील, तर दोनदा विचार करा.

वकील परवडत नाही म्हणून दावा सोडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे आणि अपंग व्यक्ती यांनाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. खासगी वकील लावलात तर फी आधी ठरवा. भरपाईच्या रकमेत टक्केवारी मागणं वकिलांच्या आचारसंहितेत बसत नाही, तरीही मागितली जाते, हे माहीत असू द्या.

"मी बघतो तुझं"

सगळे मालक वाईट नसतात. उपचार करतात, पगार चालू ठेवतात, हलकं काम देतात. त्यांच्याशी भांडण उकरून काढायचं कारण नाही. पण तोंडी शब्द दोन वर्षांच्या मुदतीपलीकडं टिकत नाही, आणि अनेकदा तो टिकतो बरोबर तेवढाच.

तडजोड करायची असेल तर जरूर करा, पण हिशेब करून. ५,६१,५४६ बसत असतील तिथं ६०,००० रोख देऊन 'सर्व हिशेब मिळाला, यापुढं काही मागणार नाही' असं स्टँप पेपरवर लिहून घेतलं जातं. कायद्यानं दिलेला हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल असतो. एकरकमी तडजोड आयुक्तांकडं नोंदवावी लागते. रक्कम अपुरी किंवा दबावाखालची वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात, आणि नोंदवलीच नाही तर मालकाची पूर्ण जबाबदारी तशीच राहते. कागदावर सही करून बसला असाल तरी दावा करता येतो. घेतलेली रक्कम वजा होण्याचा प्रश्न उरतो, तेवढाच.

मालक दुसरा मुद्दा काढतो तो दारूचा किंवा सुरक्षेचं साधन काढल्याचा. नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणं, गार्ड मुद्दाम काढणं, या तीन कारणांनी भरपाई नाकारता येते खरी. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव चालतच नाही. बाकी इजांमध्ये हे मालकानं सिद्ध करायचं असतं. उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरनंच सेन्सर बंद करून दिला असेल, तर 'कामगारानं मुद्दाम काढला' कसं म्हणता येईल? पहिल्या दोन दिवसांत लिहून ठेवलेलं टिपण इथं उपयोगी पडतं.

मृत्यू झाला असेल तर

मृत्यूची भरपाई मालकानं थेट घरच्यांच्या हातात द्यायची नसते, आयुक्तांकडं जमा करायची असते. थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून मोजले जात नाहीत. अपवाद तीन महिन्यांच्या पगाराएवढ्या आगाऊ रकमेचा. हा नियम जाचक वाटतो, पण अंत्यविधीच्या दिवशी दीर किंवा सासऱ्याची सही घेऊन विधवेला बाजूला सारण्याचे प्रकार यामुळंच अडतात. विधवा, अल्पवयीन मुलं, अविवाहित मुलगी, विधवा आई यांना अवलंबित्व वेगळं सिद्ध करावं लागत नाही. वाटणी आयुक्त करतात आणि मुलांची रक्कम बहुधा मुदत ठेवीत ठेवतात. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यू दाखला, हे पाच कागद पोलिस स्टेशन, हॉस्पिटल आणि पालिकेतून लवकर गोळा करा.

कामावर येता-जाता झालेला अपघात

हा वाद वर्षानुवर्षं चालला होता. ईएसआयच्या कायद्यात २०१० मध्येच येण्याजाण्याचा अपघात धरला गेला होता, भरपाईच्या कायद्यात तसं स्पष्ट नव्हतं. साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटे तीनच्या पाळीला मोटरसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. ही २२ एप्रिल २००३ ची घटना. उस्मानाबादच्या आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं, उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, आणि २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं कुटुंबाच्या बाजूनं निकाल दिला. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे, ही अट आहे. पाळीची वेळ दाखवणारा कागद आणि नेहमीचा रस्ता, हे दोन्ही सिद्ध करायची तयारी ठेवा. बावीस वर्षं लागली, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

गाडीच्या अपघातात कामगार जखमी झाला तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा कामगार भरपाई, दोन्हींपैकी एकच निवडता येतं. दुसऱ्या गाडीची चूक स्पष्ट असेल तर न्यायाधिकरणात रक्कम सहसा जास्त निघते, कारण तिथं १५,००० ची मर्यादा नाही. चूक आपल्याच चालकाची असेल आणि तोच जखमी असेल, तर कामगार भरपाई सुरक्षित. मोटार अपघाताच्या अर्जाला आता सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा निर्णय लवकर घ्या.

भरपाईशिवाय मिळणारे पैसे

बांधकाम कामगार नोंदणीकृत असेल (वर्षात ९० दिवस काम, वय १८ ते ६०) तर महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार मंडळाकडून कामावरच्या मृत्यूला ५ लाख आणि ७५ टक्के किंवा अधिक कायमच्या अपंगत्वाला २ लाख मिळतात. नोंदणीचं नूतनीकरण झालेलं असलं पाहिजे, तिथंच बहुतेक अर्ज अडकतात. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असेल तर मृत्यूला २ लाख. पासबुकात ती कपात शोधा, अनेकांना आपलं नाव त्यात आहे हेच माहीत नसतं. शेतात मळणीयंत्रात हात गेलेल्या शेतकऱ्याचा कोणी मालक नसतो. त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. यातलं काहीही घेतलं म्हणून मालकाकडची भरपाई कमी होत नाही.

निकाल लागल्यावर

जुन्या कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात वर्षं लागतात. त्या उशिराची किंमत मालकाला पडते: भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज. वरच्या उदाहरणात ते वर्षाला ६७,००० च्या पुढं जातं. उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागतो आणि तोही कामगारालाच मिळतो. व्याज आणि दंड दोन्ही अर्जातच मागा.

मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचं असेल तर आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडं भरावी लागते. ही कामगाराची मोठी ढाल आहे. अपील झालं तर जमा रकमेतला काही भाग काढू द्यावा असा अर्ज तुमच्या वकिलाकडून लगेच टाकून घ्या.

अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर आयुक्तांकडं वसुलीचा अर्ज करायचा. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. वसुलीचा दाखला जिल्हाधिकारी कार्यालयात आणि तिथून तहसीलदाराकडं जातो. तिथं तो फायलींच्या ढिगात पडून राहतो, म्हणून दाखल्याचा आवक क्रमांक घ्या. मालकाची मिळकत कुठं आहे ते तुम्हीच शोधून द्या: गाळ्याचा पत्ता, सातबारा, बँकेचं नाव. पगाराचं स्टेटमेंट जपून ठेवलं असेल तर मालकाचं खातं कोणत्या बँकेत आहे ते बहुधा त्यातच सापडतं.